बँजोवाल्या पोराला मिडी कीबोर्ड घ्यायचा होता

पेणजवळच्या गावातला एकवीस वर्षांचा मुलगा. दिवसा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम आणि सुपारी असेल तेव्हा बँजो पार्टीत बँजो. हळद, वरात, पालखी, विसर्जन, सगळीकडे. हंगामाच्या सुपाऱ्यांमधून त्याने १८ हजार रुपये साठवले होते आणि त्यातले १३ हजार, लॅपटॉपला जोडून वाजवायच्या ४९ पट्ट्यांच्या एका मिडी कीबोर्डवर (यालाच कंट्रोलर म्हणतात) घालायचं ठरवलं होतं. लॅपटॉप घरात होता. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरची ट्रायल आवृत्ती त्याने आधीच टाकून घेतली होती. चाल स्वतःची, म्युझिक स्वतःचं आणि आवाज आत्येबहिणीचा, असं एक गाणं करायचा त्याचा बेत होता. "दादा, कीबोर्ड नाही म्हणून सगळं अडलंय. आज ऑर्डर टाकली तर शनिवारपर्यंत येईल," असं म्हणत तो माझ्याकडे आला.

माझं काम अरेंजिंगचं, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठे काय वाजवेल ते ठरवायचं. नव्याने लॅपटॉपवर संगीत करू पाहणारी मुलं मला हाच प्रश्न विचारतात: सॉफ्टवेअर शिकायला कीबोर्ड कंट्रोलर लागतोच का? सगळ्यांना चालेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण एका माणसाचे हात, त्याची खोली आणि त्याचे पैसे समोर असले, तर त्याच्यापुरतं उत्तर नक्की काढता येतं. या मुलाचं उत्तर कसं निघालं ते सविस्तर लिहितोय, कारण त्याच्या अडचणी फार जणांच्या आहेत आणि बहुतेक जण त्यांचं खापर चुकीच्या वस्तूवर फोडतात.

त्याला म्हटलं, काय अडतंय ते सांगू नकोस, लॅपटॉप घेऊन ये आणि अडताना दाखव.

आवाज मागे राहतो

पहिली तक्रार त्याने लगेच दाखवली. लॅपटॉपच्या बटणांवर तो चाल वाजवत होता आणि सूर मागून येत होता. बोट पडून गेलं की मग आवाज. ठेका लावून वाजवायला लागला की दुसऱ्याच आवर्तनात गाडी घसरायची. त्याचा निष्कर्ष सरळ होता: ही टायपिंगची बटणं आहेत, वाद्याची नाहीत, म्हणून उशीर होतो. खरा कीबोर्ड आला की थांबेल.

त्याच्या गळ्यात ब्लूटूथचा नेकबँड होता. तो काढायला लावला आणि वायरचे साधे इअरफोन लावले. अर्धा उशीर तिथेच गेला. साध्या ब्लूटूथ जोडणीत आवाज कानापर्यंत पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण चित्रही तेवढंच थांबवून दाखवायची सोय प्लेअरमध्ये असते. वाजवताना मात्र बोट थांबत नाही. हिशेब करून बघा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेला ५०० मिलिसेकंद मिळतात, चौपटीतल्या एका बोलाला १२५. म्हणजे नेकबँडमधून ऐकताना तो स्वतःच्याच हातापेक्षा एक आख्खा बोल मागे होता. अशा अवस्थेत कुणीही घसरेल.

उरलेला उशीर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये होता. ध्वनीचा ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा आवाज बाहेर पोचवणारा दुवा, विंडोजचा नेहमीचा निवडलेला होता आणि बफर, म्हणजे ऐकवण्याआधी आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) साठवायची जागा, २०४८ सॅम्पलवर. एका सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरले तर २०४८ सॅम्पल साठेपर्यंत ४६ मिलिसेकंद जातात. एफएल स्टुडिओसोबत येणारा, कमी उशिराचा असिओ ड्रायव्हर निवडला आणि बफर २५६ वर आणला. आता तो हिस्सा सहा मिलिसेकंदांच्या आत आला. मुलाने पुन्हा तीच चाल वाजवली आणि माझ्याकडे बघत राहिला.

हे लांबण लावायचं कारण असं, की १३ हजारांचा कीबोर्ड आणला असता तरी हा उशीर जसाच्या तसा राहिला असता. नेकबँड तोच, ड्रायव्हर तोच, बफर तोच. पट्टी दाबल्याची खबर लॅपटॉपला पोचायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो त्या खबरीचा आवाज बनून कानापर्यंत यायला.

कंट्रोलरमध्ये आवाज नसतो

ही गोष्ट त्याला नीट सांगावी लागली, कारण त्याच्या डोक्यात कीबोर्ड म्हणजे ऑर्केस्ट्रातला कॅसिओ. तबला, बासरी, सनई, सगळे आवाज ज्याच्या पोटात आहेत तो. मिडी कंट्रोलर तसा नाही. त्याला स्पीकर नाही, आतमध्ये एकही आवाज नाही. तो फक्त निरोप पाठवतो: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. पट्टीचा क्रमांक ० ते १२७ मधला, जोराचा आकडाही १२७ पर्यंत. पियानोच्या मधोमध असलेली पांढरी १ म्हणजे क्रमांक ६०. निरोप कुठूनही आला तरी सॉफ्टवेअरच्या लेखी ६० म्हणजे ६०.

ही भाषा ठरली १९८३ साली. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर केबलने जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसरा बोलत होता. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून हे झालं. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, तरी त्यांनी एकच बोली मान्य केली. आज गावातल्या लॅपटॉपवर कुठल्याही कंपनीचं वाद्य जोडता येतं, ते त्या समजूतदारपणामुळे. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं.

तेव्हा निरोप पाठवायला काय वापरायचं एवढाच प्रश्न उरतो. लॅपटॉपची बटणं चालतात, माउस चालतो, कीबोर्ड चालतो, काठीने वाजवायचा ऑक्टोपॅडही चालतो. मुख्य फरक पडतो दोन ठिकाणी. टायपिंगच्या बटणाला जोर कळत नाही. आणि बोट पट्टीवर असताना सूर हळूच वर-खाली सरकवायचं चाक तिथे नसतं.

तिसरा सूर कुठे जातो

दुसरी तक्रार कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या तीन-चार सुरांची होती. दोन सूर एकत्र वाजायचे, तिसरा दाबला की कधी यायचा, कधी नाही. त्याला वाटत होतं लॅपटॉप जुना झाला.

लॅपटॉपची बटणं आतून आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेली असतात. जाळीच्या एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथं दाबलंय की नाही हे यंत्राला ठरवता येत नाही. भलतंच अक्षर उमटू नये म्हणून ते तिसरं बटणच नाकारतं. टायपिंग करणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण तो तीन अक्षरं एकदम दाबत नाही. कॉर्ड वाजवणारा मात्र पहिल्याच दिवशी इथे येऊन धडकतो.

ही अडचण खरी आहे आणि कंट्रोलरने ती सुटते, हे मी त्याला कबूल केलं. पण त्याच्या गाण्यात कॉर्ड होते किती? धृपदाला तीन, अंतऱ्याला एक जास्तीचा. ते पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर मांडायच्या पडद्यावरच्या तक्त्यात, माउसने मांडायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमध्ये तर स्टॅम्प नावाचं हत्यार आहे. मेजर किंवा मायनर निवडायचा, हवा त्या सुरावर क्लिक करायचं, आख्खा कॉर्ड बसतो.

माउसने सूर मांडण्यात अनेकांना कमीपणा वाटतो. हे मला पटत नाही. मेक्सिकोत राहून काम केलेला कॉनलन नॅनकॅरो हा संगीतकार आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर हाताने भोकं पाडून रचना करायचा, आणि माणसाच्या दहा बोटांना कधीच जमणार नाहीत असे सुरांचे पदर त्याने त्या कागदातून उभे केले. आपल्या पडद्यावरचा पियानो रोल त्याच कागदी गुंडाळीचा वंशज आहे. अलीकडच्या काळात स्वीडनचा अविची एफएल स्टुडिओत माउसनेच सूर मांडायचा.

सोळा खोक्यांत सहा मात्रा

तिसरी अडचण त्याने सांगितलीच नव्हती, मला दिसली. ठेका. त्याची चाल कोळीगीताच्या अंगाची, सहाच्या झुलत्या लयीतली. आणि सॉफ्टवेअरच्या स्टेप सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे ठेका खोक्याखोक्याने भरायच्या जागेत, मुळात १६ खोकी मांडलेली असतात. केरवा त्यात छान बसतो, आठ मात्रा, प्रत्येकीला दोन खोकी. सहा मात्रा १६ खोक्यांत बसवायला गेलं की कुठेतरी ओढाताण होणारच. मुलगा कान चांगला असलेला, त्यामुळे काहीतरी लंगडतंय हे त्याला कळत होतं. पण कारण न कळल्यामुळे तो म्हणत होता, "हाताने वाजवायला पॅड पाहिजेत, दादा. कीबोर्डवर आठ पॅड येतात."

खोकी बारा केली. प्रत्येक मात्रेला दोन. दादरा आपसूक चालायला लागला.

पण त्यानंतर त्याने जे म्हटलं ते मोलाचं होतं. "चालतोय, पण मेल्यासारखा चालतोय." अगदी बरोबर. सगळे बोल एकाच जोराचे होते. ढोलकीवर समेचा धा आणि मधला ना कधी एका वजनाचे असतात का? वाजवणारा न ठरवता डाव्या-उजव्याचा तोल सांभाळतो, चाटीचा बोल उचलतो, एखादा बोल नुसता बोटाखाली ठेवतो. माउसने टाकलेल्या प्रत्येक सुराला सॉफ्टवेअर एकच ठरावीक जोर देतं. तो जोर पडद्याच्या खालच्या भागात एकेक करून बदलता येतो आणि मी त्याला एक आवर्तन तसं करून दाखवलं. जमतं, पण वेळखाऊ आहे, आणि तोड्यांच्या जागी जीव जातो. आपोआप कमी-जास्त करायची सोयही असते. तिचा उपयोग मी टाळतो, कारण ढोलकीचं वजन नशिबावर ठरत नाही, तालाच्या जागेवर ठरतं.

म्हणजे इथपर्यंत पाहिलेल्या सगळ्या अडचणींत कंट्रोलरचं खरं काम निघालं ते एका जागी: जोर. आणि तेही चालीसाठी कमी, तालासाठी जास्त. तालासाठी ४९ पट्ट्या कोण घेतं?

त्याच्या हाताला आधीपासून काय येतं

आता मुद्द्याची गोष्ट. हा मुलगा नवखा सॉफ्टवेअरमध्ये आहे, संगीतात नाही. लहानपणापासून बँजो वाजवतोय. बँजो पार्टीतला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, वर बटणं, खाली तारा, डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हाताने नखीने तार छेडायची. हे वाद्य आलं जपानी तैशोगोतोवरून. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते बनवलं आणि बटणांची कल्पना त्यांनी टाइपरायटरवरून घेतली. तेव्हा टायपिंगच्या बटणांवर चाल वाजवणं या मुलाच्या हाताला परकं नाहीच. उशीर गेल्यावर तो लॅपटॉपवर ज्या सफाईने वाजवायला लागला, ती पेटी वाजवणाऱ्याला किंवा गायकाला इतक्या लवकर येत नाही. लहान बटणं, जवळजवळ बसवलेली, दोन ओळींत. हात तिथे बसलेलाच होता.

पण त्याची खरी कला उजव्या हातात आहे. नखीची ती थरथर, लांब सुरावर अखंड चालणारी छेड, तोड्याच्या शेवटी मारलेला झटका. ती कुठल्याच कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमध्ये जाणार नाही. पट्टी वारंवार दाबून थरथर काढली तर ती यंत्राची वाटते. आणि बँजोचा असा आवाज सॉफ्टवेअरच्या खजिन्यात सहज सापडतही नाही. परदेशी बँजो मिळतो, जो वेगळंच वाद्य आहे.

मी विचारलं, "तुझा बँजो इलेक्ट्रिक आहे ना? पिन कुठे लावतोस?"

"अँप्लिफायरला."

"मग लॅपटॉपला का नाही?"

तो गप्प झाला, मग हसला. त्याच्या डोक्यात लॅपटॉपवरचं संगीत आणि मिरवणुकीतला बँजो हे दोन वेगळे कप्पे होते. खालच्या दर्जाचं समजून तो स्वतःचं वाद्य बाहेर ठेवत होता, आणि जे वाद्य येत नाही त्याच्यासाठी १३ हजार मोजायला निघाला होता. मला या प्रकरणातली सर्वांत लागलेली गोष्ट हीच. आपल्याकडे किती मुलं ढोलकी, संबळ, बँजो, पिपाणी अशी वाद्यं हाताशी घेऊन वाढतात आणि 'प्रोड्युसर' व्हायचं म्हटलं की पहिल्यांदा ती वाद्यं कोपऱ्यात ठेवतात.

पैसे कुठे घातले

वाद्य आणि माइक लॅपटॉपला जोडायचं, दोन इनपुटचं साधं ऑडिओ इंटरफेस, साडेदहा हजार. वायरचे बंद कपाचे हेडफोन, साडेतीन हजार. एवढीच पहिली खरेदी.

इंटरफेसने तीन कामं एकदम झाली. बँजोची पिन थेट त्यात जाते. फक्त इनपुटवरचं वाद्याचं बटण चालू करावं लागतं, नाहीतर पिकअपचा आवाज दबका आणि बोथट येतो. आत्येबहिणीचा आवाज घ्यायला माइकची जागा मिळाली. आणि इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर असल्यामुळे बफर कमी ठेवूनही आवाज तुटेना. चौथा फायदा खोक्यात होता. एबलटन लाइव्ह या एफएल स्टुडिओसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरची लाइट आवृत्ती त्याच्यासोबत आली, रीतसर परवान्याची. ट्रॅक मर्यादित आहेत, पण त्यात केलेलं काम जपून ठेवता येतं आणि पुन्हा उघडता येतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये काम सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही. हा मुलगा दर रात्री नव्याने सुरुवात करत होता, आणि गाणं पुढे जात नाही याचाही दोष तो नसलेल्या कीबोर्डला देत होता.

बँजो लावल्यावर हेडफोनमध्ये घूं असा आवाज आला. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर तो बराच गेला, आणि बँजो पडद्यापासून दोन हात लांब धरल्यावर उरलेला. घरच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नीट नसलं की हे होतं. चार्जिंग आधी करून ठेवायचं आणि रेकॉर्डिंग बॅटरीवर करायचं, एवढा नियम त्याने पाळला.

लाइव्हमध्ये एम बटण दाबलं की टायपिंगची बटणं वाद्य होतात. ए म्हणजे पांढरी १, एस पांढरी २, वरच्या ओळीत काळ्या पट्ट्या. झेड आणि एक्सने सप्तक बदलतं. सी आणि व्हीने जोर पायरीपायरीने कमी-जास्त करता येतो, म्हणजे हळुवार ओळ वाजवण्याआधी जोर उतरवून ठेवायचा. बोटागणिक वजन येत नाही, पण ओळीगणिक येतं, आणि बेस किंवा मागच्या स्ट्रिंग्जसाठी तेवढं पुरतं. आत्येबहीण गाते काळी ४ मध्ये. मुलाने सगळं पांढरी १ मध्ये वाजवलं, नंतर सगळे सूर निवडून वरच्या बाणाचं बटण आठ वेळा दाबलं, दर वेळी अर्धा सूर वर. बँजोला अर्थात ही सोय नाही. तो काळी ४ ला नव्याने लावून वाजवावा लागला.

कीबोर्डची बाजू

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. त्याला वाद्यांच्या दुकानात कुणीतरी सांगितलं होतं, कीबोर्ड येत नसेल तर म्युझिक करता येणार नाही. हे विधान जसंच्या तसं मला मान्य नाही, पण त्यात तथ्य आहे. बँजो, बासरी, सनई वाजवणारा एका ओळीत ऐकतो. एका वेळी अनेक सूर कसे उभे राहतात, बेस कुठे हलला की कॉर्डचा रंग कसा बदलतो, हे कीबोर्डवर डोळ्यांना दिसतं आणि बोटांना कळतं. पियानो रोलच्या डाव्या कडेलाही कीबोर्डच उभा केलेला असतो. ज्याला त्या बारा पट्ट्या ओळखीच्या आहेत तो पडद्यावर चाचपडत नाही. म्हणून कीबोर्ड ओळखीचा करून घे, असं मी त्याला बजावून सांगितलं. कीबोर्ड शिकणं आणि कंट्रोलर विकत घेणं हे दोन वेगळे निर्णय आहेत.

शिकायला कीबोर्ड लागणार, तो कुठून आणायचा? पार्टीतच होता. त्यांच्या कीबोर्डवाल्याकडे यामाहाचा पीएसआर-आय४५५ आहे, आणि त्याच्या मागे कॉम्प्युटरला जोडायचं यूएसबीचं चौकोनी भोक आहे. प्रिंटरला लागते तीच केबल. घरात अशी केबल बहुतेकदा पडलेली असते, नसली तर दोनशे रुपयांत मिळते. अनेक घरांत धूळ खात पडलेल्या कॅसिओ-यामाहांना असं भोक असतं, किंवा जुन्या असतील तर पाच पिनांची मिडी जागा असते. विकत घेण्याआधी घरातल्या, शेजारच्या, मंडळाच्या कीबोर्डची पाठ फिरवून बघावी. जोडल्यावर पट्टी दाबली की दोन आवाज येतात, एक कीबोर्डच्या पोटातला आणि एक सॉफ्टवेअरचा. कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की काम झालं.

सुपारी नसलेल्या दिवसांत तो कीबोर्ड घरी आणायचा. त्यावर गाण्याचं धृपद आणि पहिला अंतरा पुरा झाला, आणि मग त्याला स्वतःलाच काही गोष्टी कळल्या. ६१ पट्ट्यांपैकी तो दोन सप्तकांच्या बाहेर क्वचितच जात होता. डावा हात जवळजवळ रिकामाच होता. मुख्य चाल तो बँजोवरच वाजवत होता. कीबोर्ड लागत होता तो बेसला, कॉर्डला आणि अंतऱ्यामागच्या एका सोलो बासरीला, जिथे सूर सरकवायचं चाक हवं होतं. सरकवण्याची मर्यादा सहसा दोन अर्ध्या सुरांची ठेवलेली असते. ती वाढवून त्याने मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्यायचा सराव केला आणि बासरी ऐकण्यासारखी झाली.

ही माहिती त्याला कुठल्याही दुकानात मिळाली नसती. पहिल्याच दिवशी ४९ पट्ट्यांचा घेतला असता तर आपल्याला २५ पुरतात हे त्याला कळलं नसतं, आणि इंटरफेसचे पैसेही उरले नसते.

याच जागी भजनी मंडळात पेटी वाजवणारी एखादी मुलगी असती, तर मी तिला पहिल्याच दिवशी कंट्रोलर घ्यायला सांगितलं असतं. तिची विचार करायची जागाच पट्ट्यांवर असते. टायपिंगच्या बटणांवर तिचा हात बांधल्यासारखा होईल. तिला २५ छोट्या पट्ट्यांचाही उपयोग नाही. पेटीला सहसा तीन ते साडेतीन सप्तकं असतात, तेव्हा ३७ च्या खाली जाऊ नये, शक्यतो ४९, आणि पट्टी पूर्ण रुंदीची हवी, कारण अरुंद पट्टीवर पेटीवाल्याची बोटं शेजारी पडतात.

ताल आणि उरलेले पैसे

ढोलकीच्या वजनाचा प्रश्न राहिला होता. तो पार्टीतल्याच ऑक्टोपॅडवाल्याने सोडवला. त्याच्याकडे रोलँडचा जुना एसपीडी-२० आहे. त्याला यूएसबी नाही, पण मिडी आउटची पाच पिनांची जागा आहे. माझ्याकडची मिडी-यूएसबी केबल दिली. काठीने मारलेला प्रत्येक बोल, त्याच्या जोरासकट, लाइव्हमध्ये उतरला. कोणत्या पॅडचा क्रमांक कोणत्या आवाजाला जोडायचा हे लावण्यात एक संध्याकाळ गेली. त्यानंतर दादऱ्याचा ठेका, दोन तोडे आणि शेवटची तिहाई त्या पोराने एका बैठकीत वाजवून दिली. ती ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेषांवर, ओढून सरळ करू नका, असं मी दोघांना सांगितलं. जिथे दोन बोल स्पष्ट चुकले होते तेवढेच हलवले. 'मेल्यासारखा' ठेका उठून बसला.

कीबोर्ड पार्टीबरोबर दर सुपारीला बाहेर जातो आणि या मुलाला काम सुचतं रात्री, कारखान्यातून आल्यावर. लग्नसराई सुरू झाल्यावर ही अडचण वाढली. तेव्हा तो पुन्हा विचारायला आला, आणि या वेळी त्याचा प्रश्न नेमका होता: २५ पट्ट्यांचा, जोर ओळखणारा, सूर सरकवायची सोय असलेला, दुसऱ्या हाताचा. मी लगेच हो म्हटलं. छोट्या पट्ट्यांची त्याला अडचण नव्हती, बँजोची बटणं त्याहून लहान असतात.

जुना घेताना त्याने जागेवरच लॅपटॉप लावून पाहिलं. प्रत्येक पट्टी आधी हळू आणि मग जोरात दाबून आकडा बदलतो का ते बघितलं, कारण काही पट्ट्या दबतात पण कायम १२७ च देतात. केबल हलवून बघितली, यूएसबीची जागा ढिली असली की वाजवता वाजवता जोडणी तुटते. सूर सरकवायची कांडी सोडल्यावर बरोबर मध्यावर परत येते का तेही तपासलं. ती आली नाही तर सगळं गाणं किंचित बेसूर वाजतं आणि कारण सापडत नाही. नव्या कंट्रोलरसोबत जे सॉफ्टवेअर मिळतं ते आधीच्या मालकाने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं होतं, त्यामुळे त्याचे पैसे धरायचे नाहीत असं सांगून त्याने किंमत पाचशेने उतरवली. साडेतीन हजारांत सौदा झाला. साठवलेल्या १८ हजारांतले पाचशे रुपये उरले, आणि दुसऱ्या अंतऱ्याचा बेस त्याच रात्री रेकॉर्ड झाला.